घर सोडा म्हणता, पण जायचं कुठे?

मा. संपादक,

कालच्या अंकातला श्रीलंकेतल्या दरडींवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. लोक इशारे ऐकत नाहीत, घर सोडत नाहीत, म्हणून मरतात, असं लिहिलंय त्यात. लेखकांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे पण हे वाक्य वाचून फार राग आला.

मी आंबेगाव तालुक्यातली. ३० जुलै २०१४ ला आमचं माळीण गाव दरडीखाली गेलं, १५१ माणसं, एसटीच्या ड्रायव्हरला गावच दिसेना तेव्हा बाहेर कळलं. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला तिकडे श्रीलंकेत बदुल्ला जिल्ह्यात मिरियाबेद्दच्या चहामळ्यातल्या कामगारांच्या लाइनी, म्हणजे राहायच्या खोल्यांच्या रांगा, दरडीत गाडल्या गेल्या. आणि तिथे तर इशारा दिलेला होता! २००५ ला, मग परत २०११ ला, दरडींचा धोका बघणाऱ्या त्यांच्या एनबीआरओ या सरकारी संस्थेने सांगितलेलं की ही जागा धोक्याची आहे, हलवा.

मागे आम्ही श्रीलंकेला ट्रिपला गेलेलो तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या हापुतलेजवळ पावसामुळे गाडी अडकली, तास-दीड तास एका लाइनीच्या ओसरीवर बसलो होतो. आपल्या चाळीसारख्या एकाला एक लागून खोल्या, इंग्रजांच्या काळातल्या. तिथल्या मावशींनी पाऊस मोजायचं भांडं दाखवलं, त्यावर खुणा केलेल्या. चोवीस तासात ७५ मिलिमीटर झाला की सावध, १००ला तयारीत राहायचं, १५०ला निघायचंच. त्यांना सगळं पाठ होतं. झाडं वाकली, जमिनीला भेग पडली, झऱ्याचं पाणी गढूळ झालं तर थांबायचं नाही, हे पण. ड्रायव्हर तमिळमधून सांगत होता. मी विचारलं मग निघता का, तर म्हणाल्या निघतो की, शाळेत जाऊन झोपतो, सकाळी परत इथेच, पानं खुडली नाहीत तर त्या दिवसाची मजुरी जाते. खोली मळ्याची, जमीन मळ्याची, पिढ्यान्‌पिढ्या राबून नावावर वीतभर जागा नाही. सांगा आता, या बाईने काय ऐकायचं राहिलंय?

२०२५ च्या नोव्हेंबरात दित्वा वादळात श्रीलंकेत सहाशेच्या वर माणसं गेली, डोंगरातली घरंच्या घरं दरडींनी नेली, तेव्हाही इशारे होतेच. भांडी वाटा, भोंगे लावा, सगळं करा, पण आधी त्या माणसांना सपाटीवर स्वतःच्या नावाची जागा द्या आणि कामावर जायला गाडी द्या. तयारी तयारी म्हणतात ती हीच, बाकी सगळं नंतर. लेखात यावर एक ओळ नाही.

आणि अजून एक. ३० जुलैला तुमच्या अंकात माळीणबद्दल दोन ओळीही नव्हत्या. मी पानं तीनदा चाळली.

आपली वाचक,
मंचर