ट्यूब संपते, खाज परत येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यातल्या बुरशीच्या आजारांवर आपल्या आरोग्याच्या पानावर नुकताच लेख आला होता. गजकर्ण, जांघेतली खाज, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, सगळं त्यात होतं. लहान मुलींना शूच्या जागी येणाऱ्या खाजेबद्दल मात्र एक ओळही नव्हती. लेखकाला दोष देत नाही. आमच्याही घरात त्या विषयावर वर्षभर कोणी पुरतं एक वाक्य बोललं नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी परळला राहते. मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे पहिलीतली नात दिवसभर माझ्याकडे. गेल्या जूनपासून दिवाळीपर्यंत तिला चार वेळा तिथे खाज आली. जागा लाल व्हायची, शू करताना ‘झोंबतं’ म्हणायची, खेळता खेळता हात चड्डीत जायचा. मी काय केलं? ‘हात काढ आधी तिथून’ म्हणून ओरडले. मग आमच्या ह्यांना मेडिकलमध्ये पाठवलं. मेडिकलवाल्याने काही न विचारता ट्यूब दिली, तीही कागदात गुंडाळून. (कागद तुमच्याच वर्तमानपत्राचा होता, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) दोन दिवसांत पोरीला आराम पडायचा आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. होता होता घरात त्याला नावच पडलं, ‘तिचं ते फंगल’. दमट हवा, पाऊस, मुंबई, म्हणजे बुरशीच असणार, हे आम्ही ठरवून टाकलं होतं.

चौथ्या वेळी सून तिला लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, मीही सोबत होते. बाईंनी आधी नातीलाच विचारलं, ‘मी बघू का? आईच्या मांडीवर बसूनच.’ नीट उजेडात पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आजी, ही बुरशी नाहीच.’

मला खरं वाटेना. मग त्यांनी समजावलं ते असं. मोठ्या बायकांना जो यीस्टचा त्रास होतो, ती कॅन्डिडा नावाची बुरशी. तिला तिथे मुक्काम ठोकायला इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, लागतं. वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे आतलं अस्तर जाड होतं, त्यात साखरेचा साठा होतो, आणि त्यावर बुरशी पोसते. सहा-सात वर्षांच्या मुलीत हे काहीच झालेलं नसतं. म्हणून लंगोट सुटल्यापासून वयात येईपर्यंत ही बुरशी सहसा होत नाही. झालीच तर मागे काहीतरी कारण असतं: नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स, मधुमेह किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती. पण त्याच वयात तिथली कातडी पातळ असते, मोठेपणी मिळणारं आम्लाचं संरक्षण नसतं आणि शीची जागा अगदी शेजारी. त्यामुळे ओल, साबण, घासणं, मळ यांनीसुद्धा ती जागा चुरचुरते आणि लाल होते. दिसायला फंगलसारखंच, पण त्यावर बुरशीचं औषध लावून उपयोग शून्य.

मग प्रश्न सुरू झाले, आणि एकेका प्रश्नाला मी खाली मान घालत गेले. अंघोळीच्या पाण्यात काय टाकता? जंतुनाशक, दोन झाकणं, तान्ही होती तेव्हापासून. तिथे साबण लावता? लावते, चांगला फेस काढून. कपडे वाळतात का? आमच्या गॅलरीतल्या दोरीवर जुलैत काय वाळणार! अर्धवट ओल्या चड्डीवर इस्त्री फिरवून मीच सकाळी तिला घालत होते. नाचाच्या क्लासला घट्ट नायलॉनची लेगिंग्ज, घामाने भिजलेली, घरी येऊनही तासभर अंगावर. संडास कोणता? घर दुरुस्त केलं तेव्हा कमोड बसवलाय. पोरगी त्यावर बसते कशी? पाय लोंबकळत, गुडघे जुळवून, चड्डी गुडघ्यात अडकवून. ‘तिथेच आहे अर्धं उत्तर,’ बाई म्हणाल्या. तसं बसलं की थोडी शू मागे फिरून आत साठते आणि उठल्यावर थेंब थेंब चड्डीत उतरते. पोर दिवसभर ओलसर. आम्ही उकिडवं बसायचो, परकर नेसायचो, ही भानगडच नव्हती, असं माझ्या मनात आलं. बोलले नाही.

शेवटचा प्रश्न शाळेचा होता. सकाळची शाळा, सात ते साडेबारा. ‘शाळेत शूला जातेस?’ नात गप्प. मग हळूच म्हणाली, ‘कडी लागत नाही.’ दार धरायला मैत्रीण लागते आणि मैत्रीण आता दुसऱ्या तुकडीत गेली. म्हणून ही पोरगी पाणीच पीत नव्हती. पाण्याची बाटली भरलेली परत यायची आणि मी कौतुकाने सांगत होते, आमची मुलगी पाणी सांडत नाही! घरी येईपर्यंत लघवी तुंबवून ठेवायची, ती जिन्यातच थोडी सुटायची.

लावायचं औषध म्हणाल तर काहीही मिळालं नाही. ट्यूब बंद, जंतुनाशक बंद, तिथे साबण बंद. रोज दहा मिनिटं टबमध्ये नुसत्या कोमट पाण्यात बसवायचं, मऊ फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही. झोंबत असेल तर पातळसं खोबरेल. सुती चड्डी, कडकडीत वाळलेली, आणि रात्री चड्डीच नको, नुसता सैल फ्रॉक. (मला हे पचायला दोन दिवस लागले.) कमोडपुढे पाट ठेवायचा, पाय त्यावर, गुडघे लांब, चड्डी पार घोट्यापर्यंत, अंग जरा पुढे झुकवायचं. शी झाल्यावर धुताना हात किंवा जेट पुढून मागे, कधीही मागून पुढे नाही. रात्री खाज जास्त येते का, हेही त्यांनी विचारलं. कारण दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत रात्री बाहेर येऊन अंडी घालतात आणि ती खाज पुढेपर्यंत जाते. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, नात त्या दिवशी गैरहजर होती. तिला गोळी दिली, दोन आठवड्यांनी परत दिली, आणि बाईंच्या सांगण्यावरून घरातल्या सगळ्यांनीच घेतली. महिनाभरात पोर हात लावायची विसरली.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे मुलींना यीस्ट होतच नाही तर. तसं नाही, म्हणूनच माझ्या मावसबहिणीच्या नातीचं सांगते. कांदिवलीला असते, अकरा वर्षांची. तिला खरोखरच यीस्ट होतं: दह्याच्या कवडीसारखं पांढरं, जागा लालभडक. डॉक्टरांनी दिलेलं मलम लागू पडायचं आणि पंधरा दिवसांत दुखणं परत यायचं. तिसऱ्या वेळी तिच्या आईने सहज सांगितलं, हल्ली ही पाणी फार पिते, रात्री तीनदा उठते, फ्रॉक सैल झालेत. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की उंची वाढतेय, अंग सुटेल नंतर. डॉक्टरांनी तिथल्या तिथे बोटातून थेंबभर रक्त घेतलं. साखर 400 च्या वर. टाइप 1 मधुमेह. लघवीतून साखर जात होती, बुरशीला आयतं ताट वाढलेलं. आज ती इन्सुलिन घेते, शाळेत जाते आणि ती खाज पुन्हा आलेली नाही. आणखी महिनाभर मलमच लावत बसलो असतो तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. इथे लिहीत नाही.

वयात आलेल्या मुलींचं गणित पुन्हा वेगळं. पाळी येण्याआधी सहा महिने-वर्षभर थोडं पांढरं जातं. खाज नाही, वास नाही, तर तो आजार नव्हे, त्यासाठी मुलीला औषधं पाजू नयेत. पाळी सुरू झाल्यावर मात्र यीस्ट होऊ शकतं, विशेषतः घसा-कानासाठी अँटिबायोटिक घेतल्यावर. वर्षात तीन-चार वेळा झालं तर अंदाजाने गोळ्या न घेता स्राव तपासायला द्यावा, कारण या बुरशीच्या काही जाती नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत. आणि ते जाहिरातीतले सुवासिक वॉश कशाला? त्या जागेला गुलाबाचा वास यावा, अशी अपेक्षा कोणाची आहे, हे मला या वयातही कळलेलं नाही.

आता त्या ट्यूबबद्दल. सुनेने डॉक्टरबाईंना रिकामी ट्यूब दाखवली. बारीक अक्षरात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत क्लोबेटासोल, म्हणजे अतिशय जहाल स्टेरॉइड. दोन दिवसांत आराम पडायचा तो त्यामुळे. लालपणा दबतो, मूळ कारण तसंच राहतं, आणि लहान पोरीची कातडी झिजत जाते. अंगाला लावायची ही स्टेरॉइडची मलमं 2018 मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आमच्या ह्यांना मात्र चार वेळा मिळाली. गंमत अशी की, तिथे कागदासारखे पांढरे चट्टे पडण्याचा एक आजार आहे, त्यावर डॉक्टर हेच औषध मोजून-मापून देतात. औषध वाईट नाही. न बघता देणारा आणि न विचारता घेणारा, दोघेही चुकतात. त्यात मी आलेच.

रक्त दिसलं, घाण वास आला तर घरगुती काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मुली खेळता खेळता मणी, कागदाचा बोळा आत घालतात, तेही निघतं. आणि आणखी एक. बाईंनी मला बाहेर बसायला सांगून सुनेशी आणि नातीशी वेगळं बोलून घेतलं. नंतर कळलं, कोणी नको तिथे हात लावतं का, हे विचारलं. मला राग आला, आमच्या घरात? त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मी सगळ्यांनाच विचारते. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं.’ पण तसं काही झालंच असतं तरी ते सांगायला माझ्या नातीकडे शब्द कुठे होता? आम्ही तिला ‘तिथे’ एवढंच शिकवलं होतं, आणि तेही ओरडताना. आता घरात ‘शूची जागा’ हा शब्द नाक-कान म्हणावं तसा म्हणतो. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे, तोही फ्रिजवर लावलाय.

राहता राहिली शाळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींना वेगळं स्वच्छतागृह हवं असं लिहिलंय, आणि ते आमच्याही शाळेत आहे. नाही ती फक्त कडी, पाणी आणि तास चालू असताना जायची परवानगी. याच मुंबईत 2011 पासून बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणत मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी चळवळ चालवली. पहिलीतली मुलगी कोणत्या मोर्चात जाणार? सून पालकसभेत बोलली तेव्हा आधी शांतता पसरली, मग पाठोपाठ चार आया उठल्या. चौघींच्या घरात तीच ट्यूब. पुढच्या आठवड्यात कडी बसली. नळाला मधल्या सुट्टीनंतर पाणी अजून येत नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

संपादक महोदय, एक विनंती. हे पत्र छापलंत तर महिलांच्या पुरवणीत टाकू नका, मुख्य अंकात घ्या. आमचे हे पुरवणी उघडत नाहीत, आणि ट्यूब आणायला तेच जातात. माझं नावही छापू नये. मला लाज नाही, पण नात मोठी होणार आहे आणि हे तिचं खासगी आहे.

आपली,
एक आजी
परळ, मुंबई