पहिलं लढाऊ शिप निवडून देणाऱ्या दादाला थँक्यू

दादा,

एलिट डेंजरस या अंतराळातल्या गेममध्ये नवीन माणसाने सुरुवातीला मिळणाऱ्या साइडवाइंडरनंतर लढायला कुठलं शिप (यान) घ्यावं यावर जो तो वेगळंच सांगतो, एक म्हणतो ईगल, दुसरा म्हणतो वायपर, तिसरा तर डायरेक्ट व्हल्चरवरच उडी मारायला सांगतो. तू शिपचं नाव घ्यायच्या आधी एवढंच विचारलंस, "फुटलं तर परत घ्यायला पैसे उरतायत का?" ह्या प्रश्नासाठी खरंच मनापासून थँक्यू.

रीबायचा, म्हणजे फुटलेलं शिप परत घ्यायचा, हिशोब मला तोवर कोणी नीट सांगितलाच नव्हता. शिप आणि त्यात बसवलेलं सगळं सामान धरून जी किंमत होते तिच्या ५ टक्के भरले की शिप परत मिळतं, तेवढे नसले आणि कर्जही पुरलं नाही तर परत फुकटच्या साइडवाइंडरवर, म्हणजे खिशातले सगळे क्रेडिट शिपमध्ये घालायचेच नाहीत.

मग तू एकेक शिप समजावलंस. ईगल ४४,८०० क्रेडिटला, तीन स्मॉल हार्डपॉइंट (वेपन बसवायच्या जागा), वळतं भारी पण अंगाने नाजूक. वायपर मार्क ३ लढायला दणकट पण एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर मारायची जंप छोटी, इंधनाची टाकी छोटी. आणि कोब्रा मार्क ३, साधारण साडेतीन लाखाचं, दोन मीडियम दोन स्मॉल हार्डपॉइंट, लढायचा मूड नसेल त्या दिवशी माल वाहता येतो, आणि मुख्य म्हणजे स्पीड. शिकणाऱ्याला पळता आलं पाहिजे, असं तू म्हणालास ते मला शंभर टक्के पटतं, कारण बूस्ट मारून निसटता येत असेल तरच माणूस न घाबरता लढायला शिकतो.

आणि शिप घ्यायला लावून तू मोकळा झाला नाहीस. विंगमध्ये, म्हणजे तुझ्या टीममध्ये, घेऊन रिसोर्स साइटवर, जिथे खाणकाम करणाऱ्यांना लुटायला चाचे येतात तिथे, आलास, स्वतः गोळी न झाडता बाजूला थांबलास आणि सांगत राहिलास, आधी स्कॅन पूर्ण होऊ दे, समोरचा वाँटेड (गुन्हेगार) दिसल्याशिवाय ट्रिगर नको, थ्रॉटल निळ्या पट्ट्यात ठेव म्हणजे पटकन वळेल, शील्डवर मार बसतोय तर पॉवरचे चार पिप्स (ठिपके) सिस्टिमला, म्हणजे शील्डकडे, टाक. सगळी वेपन्स गिंबल्ड (नेम धरायला स्वतः मदत करणारी) घ्यायला लावलीस, शील्ड असेपर्यंत पल्स लेझर, शील्ड पडली की मल्टिकॅनन. हॅझार्डस, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या, रिसोर्स साइटला मात्र आत्ता अजिबात जायचं नाही, तिथे वाचवायला पोलीस येत नाहीत, हे किती वेळा बजावलंस! इतका पेशन्स कोण ठेवतं रे अनोळखी पोरासाठी.

आता व्हल्चरसाठी क्रेडिट जमवतोय, रीबायचे वेगळे काढून. दोन लार्ज हार्डपॉइंट आहेत पण पॉवर पुरवताना नाकी नऊ येतात म्हणे, तर बिल्ड करायला बसलो की तुलाच त्रास देणार आहे, तयार रहा.

तुझा विंगमेट