काका, ती पन्नास फुटी बोट घेऊ दिली नाहीत म्हणून

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘ते राहू दे, पंपाचा इंपेलर बदललास का?’ म्हणून विषय तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय पुण्या-मुंबईचे आणि इथले सिंगापूरचे ओळखीचे आता आम्हालाच विचारायला लागलेत, लांबच्या प्रवासाला शिडाची बोट कुठली घ्यावी. आमच्या तोंडून जे काही शहाणपण निघतं ते मुळात कुणाचं, हे त्यांनाही कळलेलं बरं.

बोट घ्यायला मलेशियात लंकावीला आलो तेव्हा आमच्या डोक्यात पन्नास फुटांच्या खालची बोटच नव्हती. कशी असेल? दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती ‘म्हादेई’ ५६ फुटी, गोव्यात दिवाडीला बांधलेली. समुद्रावर जायची बोट म्हणजे तेवढीच, असं आमचं पक्कं झालं होतं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, ‘अगं, ती नौदलाची. तिच्या पाठीशी अख्खी गोदी उभी आहे. तुमच्या पाठीशी कोण आहे?’ मग गोल्डन ग्लोबचं सांगितलंत, एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीचं. त्या शर्यतीत ३२ ते ३६ फुटांच्या, जुन्या धाटणीच्या बोटीच चालतात. अभिलाष टॉमी २०२३ मध्ये दुसरे आले ते ३६ फुटी ‘रस्लर’वरून. तेही कुठे न थांबता, एकट्याने. पन्नास फुटीचं शीड मोठं, दोर ओढायचे विंच मोठे, नांगर मोठा आणि मरीनाचं, म्हणजे बोट लावायच्या जागेचं, बिल त्याहून मोठं. आणि मध्यरात्री वाऱ्याचा जोर वाढला की ते शीड आवरणार आम्ही दोघंच.

तरी आम्ही पसंत केलेली ती पन्नास फुटी बघायला तुम्ही आलात, हे विशेष. ब्रोकर सोफा दाखवत होता, दोन बाथरूम दाखवत होता, ‘ए’ वर्गाचं प्रमाणपत्र दाखवत होता. तुम्ही फक्त विचारलंत, बोट कलली की झोपणार कुठे? मागच्या केबिनमधला तो ऐसपैस पलंग तिन्ही बाजूंनी मोकळा. एका लाटेला माणूस खाली. धरायला दांडा नाही. ते ‘ए’ म्हणजे ब्यूफोर्ट मापावर ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरच्या लाटा धरून केलेला आराखडा. बोट नवी असताना केलेला. पुढे ती किती वेळा खडकाला घासली, याच्याशी त्या कागदाला देणंघेणं नसतं.

मग हातोडी निघाली. नारळ वाजवून बघावा तसे तुम्ही डेकवर वाकून ठोकत निघालात. टण, टण, टण आणि डोलकाठीच्या बुडाशी ठप. ‘ऐकलंस?’ वर फायबरग्लास चकाचक, आतलं बाल्सा लाकूड पाणी पिऊन कुजलेलं. खालची फळी उचललीत तर कीलच्या, म्हणजे तळाखालच्या जड पात्याच्या, बोल्टांभोवती ताजा पांढरा रंग, आणि त्या रंगातूनही केसाएवढी भेग वर आलेली. ब्रोकर म्हणाला, नुसता रंगच तडकलाय. तुम्ही त्याच्याशी वाद घातला नाहीत. परतीच्या वाटेवर आम्हाला ‘चीकी रफिकी’ या शिडाच्या बोटीची गोष्ट सांगितलीत. २०१४, अटलांटिक, कील सुटून पडला, चौघं गेले. आधीच्या आपटण्यांनी आणि डागडुजीने जोड कमजोर झाला असावा, असं चौकशीत म्हटलं होतं. त्या रात्री आमच्या घरी पन्नास फुटीचा विषय निघाला नाही.

घेतली ती तुम्ही दाखवलेली, तैवानमध्ये बांधलेली, सदतीस फुटी कटर, म्हणजे एक डोलकाठी आणि पुढे दोन शिडं. वजन दहा टनांच्या घरात, बॅलास्ट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, कवचाच्या आतच, त्यामुळे कीलच्या बोल्टांची भानगडच नाही. सुकाणू कीलच्या मागच्या कडेलाच टांगलेलं, मोकळं लोंबणारं नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीत जाळी आणि ओंडके तरंगत असतात तिथे याची किंमत कळते. मरीनात रिव्हर्समध्ये मात्र ती स्वतःच्या मर्जीने जाते. शेजारच्या बोटींची करमणूक होते, होऊ दे.

आणि त्याहून मोठे उपकार म्हणजे बजेटच्या एक तृतीयांश हिश्श्याला तुम्ही आम्हाला हात लावू दिला नाहीत, तो दुरुस्तीला राखलात. डोलकाठीच्या तारा डेकशी धरून ठेवणारी पहिली चेनप्लेट, म्हणजे धातूची पट्टी, उपसलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, नख फिरव. दोन्ही टोकं आरशासारखी, पण डेकच्या आत दडलेल्या मधल्या भागात तपकिरी रेघ, आणि त्या रेघेत नख अडकलं. हवा लागत नाही तिथे खारं पाणी साचलं की स्टेनलेसही कुरतडलं जातं, हे तेव्हा कळलं. सगळ्या चेनप्लेट बदलल्या, तारा बदलल्या, तळातल्या भोकांवरचे पितळी सीकॉक (पाण्याच्या झडपा) काढून कांस्याचे बसवले, प्रत्येकाशेजारी लाकडी बूच बांधलं. वर्षाला बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा देखभालीला धरा, म्हणाला होतात. तेव्हा जास्त वाटला होता. आता कमी वाटतो.

जानेवारीत ईशान्येचा वारा धरून पोर्ट ब्लेअरला गेलो, पाचशेहून जास्त सागरी मैल. वाटेत फ्रीज बंद पडला, ऑटोपायलट रुसला. वाऱ्याच्या जोरावर चालणाऱ्या विंडव्हेनने निमूट सुकाणू धरलं आणि आम्ही आळीपाळीने त्या अरुंद बर्थमध्ये, कापडी आडोसा बांधून, गाढ झोपलो.

काकूंना वेगळं सांगायला हवं. कांदे जाळीत टांगा, अंडी फ्रीजमध्ये ठेवलेली घेऊ नका आणि हेलकाव्यात सगळं कुकरमध्येच शिजवा, झाकण बंद म्हणजे सांडत नाही आणि गॅसही वाचतो, हे त्यांचं. त्यांनी दिलेला तीन लिटरचा कुकर परत मिळणार नाही. शिट्टी बदलली आहे, एवढं कळवा.

तुमचीच,
समोरच्या जेट्टीवरची