कपाटात ठेवलेले चित्र

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू जे सांगितलेस, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही. ‘माझे कुटुंब’ या विषयावर तुझ्या दुसरीच्या वर्गातल्या मुलांनी चित्रे काढली, तू ती एकेक करून भिंतीवर लावलीस आणि एकच चित्र, ज्यात एक मुलगी आपल्या दोन आयांचे हात धरून उभी आहे, ते कपाटात ठेवून दिलेस. “आई, फ्लोरिडात हे चालत नाही, इथे कायदा आहे,” असे तू म्हणालीस आणि मग आपण दोघीही बराच वेळ गप्प राहिलो. मला तेव्हा उत्तर सुचले नाही, कारण तो कायदा मी वाचलेला नव्हता. आता वाचला आहे, एकदा नव्हे, तीनदा. त्याबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले, कारण फोनवर मी नेहमी घाईने बोलते आणि मग पस्तावते.

तू ज्याला ‘कायदा’ म्हणतेस त्याचे अधिकृत नाव ‘शिक्षणातील पालकांचे हक्क’ असे आहे. विरोधकांनी त्याला ‘डोंट से गे’, म्हणजे ‘समलिंगी हा शब्दही काढू नका’, हे नाव दिले. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी २८ मार्च २०२२ रोजी त्यावर सही केली आणि १ जुलैपासून तो लागू झाला. मूळ कायद्यात असे होते की, बालवर्गापासून तिसरीपर्यंत लैंगिक कल (कोणाबद्दल आकर्षण वाटते) किंवा लिंगभाव ओळख (स्वतःला स्त्री मानणे, पुरुष की आणखी काही) या विषयांवर वर्गात ‘अध्यापन’ करता येणार नाही आणि त्यापुढच्या इयत्तांत ते मुलांच्या वयाला साजेसे असले पाहिजे. पुढच्याच वर्षी ही बंदी आठवीपर्यंत वाढवण्यात आली. एखाद्या पालकाची तक्रार असेल आणि ती शाळेत मिटली नाही, तर तो थेट शाळा-जिल्ह्यावर, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर, दावा लावू शकतो. तुझ्या मुख्याध्यापिकांच्या मनातली धास्ती इथून येते हे मला समजते, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

पण त्या मजकुरातला ‘अध्यापन’ हा शब्द पुन्हा नीट पाहा. सात वर्षांच्या मुलीने आपल्या घरातली माणसे काढली आणि ती काढलेली माणसे भिंतीवर लागली, यात कोणी कोणाला काय शिकवले? हा प्रश्न मी एकटीच विचारते आहे असे नाही. या कायद्याविरुद्ध जे न्यायालयीन प्रकरण चालले होते, त्यात मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने तडजोड केली आणि कायद्याचा अर्थ लेखी मान्य केला. समलिंगी व्यक्तींचा, जोडप्यांचा किंवा कुटुंबांचा नुसता उल्लेख म्हणजे अध्यापन नव्हे. वर्गातल्या चर्चेत किंवा मुलांच्या स्वतःच्या कामात असा उल्लेख येऊ शकतो. वर्गात शिकवण्यासाठी न वापरलेली ग्रंथालयातली पुस्तके या बंदीत येत नाहीत. छळ आणि चिडवाचिडवी रोखण्याचे उपक्रम चालू ठेवता येतात. समलिंगी मुलांना आधार देणारे विद्यार्थ्यांचे गट चालू राहू शकतात. इतकेच नव्हे, हा कायदा भिन्नलिंगी संबंधांच्या अध्यापनालाही तितकाच लागू आहे, असेही त्यात म्हटले आहे. हे स्पष्टीकरण राज्यातल्या सर्व ६७ शाळा-जिल्ह्यांना पाठवायचे होते. तुझ्या शिक्षक खोलीत ते कोणी वाचून दाखवले होते का? तुझ्या बोलण्यावरून तरी तसे वाटले नाही.

आता मी तुला थोडे मागे, इंग्लंडला घेऊन जाते, कारण जे तुझ्या कपाटात घडले ते तिथे पंधरा वर्षे देशभर घडत होते. १९८७ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने एड्सविषयीचे पत्रक घरोघरी वाटले. अज्ञानापायी मरू नका, असा त्याचा मथळा होता. आणि बरोबर पुढच्याच वर्षी, २४ मे १९८८ रोजी, त्याच सरकारचे ‘कलम २८’ अमलात आले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करू नये आणि कुटुंबाचा आव आणणारे एक नाते म्हणून तिला शाळांमध्ये स्वीकारार्ह ठरवणारे शिक्षण पुढे रेटू नये, असे त्यात म्हटले होते. म्हणजे घरात अज्ञानाने मरू नका आणि शाळेत अज्ञानातच राहा. हे दोन्ही एकाच सरकारला एकाच वेळी कसे सांगावेसे वाटले असेल, याचा विचार करताना मला आजही संताप येतो.

या कलमाची खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि तुझ्यासाठी तीच महत्त्वाची आहे. ते कलम शाळांना किंवा शिक्षकांना थेट लागूच नव्हते. ते नगरपालिकांसारख्या संस्थांसाठी होते. वर्गात वस्तुनिष्ठ चर्चा करायला किंवा गोंधळलेल्या विद्यार्थ्याला सल्ला द्यायला त्याची आडकाठी नाही, असे सरकारी परिपत्रक १९८८ मध्येच निघाले होते. त्या कलमाखाली एकाही संस्थेविरुद्ध खटला यशस्वी झाला नाही. तरीही शिक्षक गप्प बसले. कोणी ग्रंथालयातली पुस्तके बाजूला केली, कोणी मैदानावर एखाद्या मुलाला घाणेरड्या शब्दांनी हाक मारली जात असताना ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि जे शिक्षक स्वतः समलिंगी होते ते तर आपण शनिवार-रविवारी कोणासोबत होतो हेही बोलेनासे झाले. स्कॉटलंडने ते कलम २००० मध्ये रद्द केले, इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याला २००३ उजाडले, आणि २००९ मध्ये ते कलम आणणाऱ्या हुजूर पक्षाचे तेव्हाचे नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. १९८८ मध्ये जे मूल पाचव्या वर्षी शाळेत गेले, ते अठराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडले तेव्हा २००१ साल होते. त्याचे सगळे शालेय आयुष्य त्या कलमाखाली गेले. माफी कानावर पडली तेव्हा ते मूल सव्वीस वर्षांचे झाले होते.

कायद्यात जे लिहिलेले असते त्यापेक्षा शिक्षक खोलीत जे कुजबुजले जाते त्याची हद्द फार मोठी असते. विधिमंडळ एक रेघ ओढते. घाबरलेली शाळा त्या रेघेच्या दहा पावले अलीकडे कुंपण घालते. आणि नवी शिक्षिका त्या कुंपणाच्याही अलीकडे उभी राहते, कारण तिची नोकरी अजून पक्की झालेली नसते. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नसते असे मला वाटत नाही. शब्द सैल ठेवला की बाकीचे काम भीती करते. इंग्लंडमध्ये तो शब्द ‘पुरस्कार’ होता, रशियात ‘प्रचार’, तुझ्याकडे ‘अध्यापन’.

रशियाचे नाव घेतले आहे तर तेही सांगून टाकते. तिथे २०१३ मध्ये अल्पवयीनांपुढे ‘अपारंपरिक लैंगिक संबंधांचा प्रचार’ करण्यास बंदी आली, आणि कारण अर्थातच मुलांचे रक्षण हे होते. डिसेंबर २०२२ मध्ये तीच बंदी सर्व वयांच्या लोकांसाठी झाली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी आदींच्या हक्कांच्या संपूर्ण चळवळीलाच अतिरेकी ठरवले. फ्लोरिडाचे तसेच होईल असे मी म्हणत नाही. तुझ्याकडे न्यायालये आहेत, वर्तमानपत्रे आहेत, निवडणुका आहेत. पण ‘फक्त लहान मुलांपुरते’ हे शब्द ऐकले की मी सावध होते, एवढे मात्र खरे.

मला दुसरी बाजू दिसत नाही असे समजू नकोस. मीही तुला वाढवले आहे. सहा वर्षांच्या मुलापुढे शाळेत काय मांडले जाते हे आपल्याला कळावे, ते आपल्याला न विचारता मांडले जाऊ नये, ही आईबापांची इच्छा स्वाभाविक आहे, आणि तिला द्वेष म्हणणे अन्यायाचे होईल. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडमधल्या मॉंटगोमेरी काउंटीच्या प्रकरणात, ज्या पालकांचा धर्माच्या कारणाने समलिंगी पात्रांच्या गोष्टींना आक्षेप आहे त्यांना आपली मुले त्या तासाला बाहेर ठेवता आली पाहिजेत, असा निर्णय सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. या निर्णयाने माझे मन दुभंगले. स्वतःच्या मुलाला त्या तासातून बाहेर नेणे आणि सगळ्या वर्गाचे तोंड बंद करणे यांत फार मोठा फरक आहे, आणि पहिले दुसऱ्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे, हे मी मान्य करते. पण मग मला ती दोन आयांची मुलगी दिसते. तिच्या घरासारख्या घराची गोष्ट बाई वाचायला घेतात आणि चार मुले उठून बाहेर जातात, त्यात तिची बाकावरची शेजारीणही असते. तिने त्यातून काय समजायचे? मला याचे उत्तर सापडलेले नाही, आणि ज्यांना ते सहज सापडते त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

एक गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही. मी शिकवत होते तेव्हा नववीच्या वर्गात एक मुलगा होता, अक्षर अतिशय सुंदर, बोलणे हळू. मुले त्याच्या चालण्याची नक्कल करत आणि मी ती पाहत असे. एकदा तास संपल्यावर तो मागे थांबला आणि त्याने मला विचारले, “बाई, मुलाला मुलगा आवडणे हा आजार असतो का?” त्याने हा प्रश्न विचारायला किती दिवस धीर गोळा केला असेल, हे मला आज कळते. मी म्हणाले, “असल्या गोष्टींत लक्ष घालू नकोस, यंदा अभ्यास वाढला आहे.” तेव्हा मला रोखणारा कोणताही कायदा नव्हता, कोणतेही परिपत्रक नव्हते, कोणी दावा लावणार नव्हते. तो ‘हो बाई’ म्हणाला आणि गेला, आणि त्या वर्षी त्याने मला पुन्हा कोणताही प्रश्न विचारला नाही, गणिताचासुद्धा नाही. पुढे त्याचे काय झाले हे मला माहीत नाही. मी गप्प राहिले नव्हते, मी त्याला उत्तर दिले होते, आणि ते ‘हो’ असे होते. त्याने तसेच ऐकले असणार.

म्हणून मी तुला काही व्यावहारिक गोष्टी सांगते, बंड करायला सांगत नाही. त्या तडजोडीचा मजकूर छापून घे, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेव आणि एक मुख्याध्यापिकांना नम्रपणे नेऊन दे. वाद घालू नकोस, फक्त वाचायला सांग. त्यांनाही आधार हवा असेल. एखाद्या मुलाला ‘गे’ ही शिवी म्हणून ऐकवली जात असेल तर तिथल्या तिथे थांबव, तो अधिकार तुझ्याकडून कोणी काढून घेतलेला नाही. मुले आपसांत आपल्या घराबद्दल बोलतात तेव्हा मध्ये पडून विषय बदलू नकोस. पुढे कधी मोठ्या मुलांना शिकवायची वेळ आली आणि कोणी तुझ्याकडे मन मोकळे करायला आले, तर ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन आधी देऊन बसू नकोस. मुलाच्या मानसिक आरोग्याशी संबंधित बदल पालकांना कळवावेत अशी तिथल्या कायद्याची अपेक्षा आहे, आणि कळवल्याने मुलाचा छळ होण्याची किंवा त्याला घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल तर त्याला अपवादही आहे. काय सांगावे लागेल आणि काय नाही, हे मुलाला बोलण्याआधीच कळले पाहिजे. विश्वास मोडण्यापेक्षा तो मर्यादित ठेवणे बरे.

मला तुझ्या नोकरीची काळजी वाटते. परक्या देशात, पहिल्याच वर्षी, कोणा पालकाने तक्रार केली तर काय, हा विचार मला रात्री झोपू देत नाही. तुझ्या बाबांनी तर ‘तिला उगाच धीर देऊ नकोस’ असेच मला बजावले आहे. तरीही हे पत्र मी लिहिते आहे, कारण त्या चित्राबद्दल सांगताना तुझा आवाज जसा खाली गेला, तसा तो मला तुझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकायचा नाही.

तू म्हणाली होतीस की या महिन्याअखेरीला पालक वर्ग पाहायला येणार आहेत. त्या दोघी येतील, त्यांची मुलगी त्यांचे हात ओढत त्यांना भिंतीपाशी नेईल आणि आपले चित्र शोधू लागेल. तोवर अजून काही दिवस आहेत. चिकटपट्टी तुझ्याच खणात असेल.

तुझी,
आई