टेप इथेच राहिली

प्रिय सई,

रविवारी तू न जेवताच गेलीस. आईने हुमण झाकून ठेवलं होतं, शेवटी रात्री मीच खाल्लं. फोन उचलत नाहीस म्हणून व्हॉट्सअॅपवर लिहितोय, सावकाश वाच गो.

एकच सांगायचं होतं. मामलेदार ऑफिसात एकटी जाऊ नकोस. बाकी तुला कळतं.

देवळाच्या सभेत तू बोलायला उठलीस तेव्हा मी खाली बघत होतो, ते तू पाहिलंस. आपल्याकडे मुलींना देवळाची महाजनकी नाही, म्हणजे कारभारात हक्क नाही, मत नाही, तरी एवढ्या पुरुषांसमोर उभी राहिलीस. नार्व्याचं सप्तकोटेश्वर 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेलं, ते सरकारने दुरुस्त करून 2023 ला उघडलं, मग आमच्या देवळाची अग्रशाळा, भाविकांच्या मुक्कामाची इमारत, पाडायचीच कशाला, हे मस्तच मांडलंस. पण "तुम्हाला टाइल्स हव्यात, देव नको" हे कशाला? तिथेच माणसं बिथरली. ज्यांना वळवायचंय त्यांच्या घरी आधी चहाला जायचं, त्यांच्या आजोबांनी चिरे कसे वाहून आणले ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडून ठेवतं, हे सभेत ओरडून सांगण्यापेक्षा त्या सिमेंट मारलेल्या कोपऱ्यापाशी नेऊन पोपडे दाखवायचे, आणि कागद नेहमी दोन कॉपी करून... झालं, लेक्चर सुरू. सॉरी.

तू चार वर्षांची असताना जत्रेच्या रात्री आपण अग्रशाळेत झोपलो होतो, बाहेर दशावतार चाललेला आणि तू भिंतीवरच्या कावीतल्या मोराच्या पिसाऱ्यात बोट फिरवत बसलेली. आजोबा सांगत होते, ओल्या चुन्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि वाळायच्या आत कोरायचं, मग खालचा पांढरा दिसतो. त्या मोराला एकच पाय आहे. कोरणारा जेवायला गेला असेल आणि तोवर वाळलं असेल, असं ते म्हणायचे.

आता खरं सांगतो. पाडायच्या ठरावावर माझी सही आहे. मे महिन्यात केली, वाचून केली, सगळे करत होते म्हणून.

आणि परवा फोन आला, "मुलीला आवरा", नाव नाही सांगितलं. म्हणून माझं ते एकटी जाऊ नकोस चाललंय. डिचोलीहून रात्री स्कूटरवरून येत जाऊ नकोस. आईला यातलं काही बोलू नको.

जुन्या वास्तूंच्या गोव्याच्या 1978 च्या कायद्याखाली जी संरक्षित यादी आहे त्यात आपली अग्रशाळा नाही, हे तूच शोधून काढलंस. म्हणजे पुरातत्त्व खातं आपणहून येणार नाही. देवळांवर देखरेख मामलेदाराची, आणि तिथे महाजनाने दिलेल्या अर्जाला वजन असतं. अर्ज लिहायला घेतलाय, तीनदा फाडला. सही मागे घेतो हे कसं लिहायचं? तुला जमतं ते, लिहून पाठव.

आरटीआयचे 30 दिवस मोजतेयस ना? उत्तर घ्यायला जाशील तेव्हा एक... बरं, नाही म्हणत.

तुझी मोजायची टेप इथेच राहिली, फ्रीजवर आहे. काल ती घेऊन अग्रशाळेकडे गेलो, पण एकट्याला दुसरं टोक धरता येईना. काकाला हाक मारली. त्याचीही सही आहे ठरावावर, तरी आला. मोराची भिंत 11 मीटर 40 सेंटीमीटर भरली. तुझ्या वहीत किती आहे ते कळव.

बाबा