डक्टजवळ उभ्या असलेल्या मुलीस

सोलापूर

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू रविवारी अहमदाबादहून पाठवलेला फोटो आईने शेजारपाजारी सगळ्यांना दाखवला. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळे जाकीट आणि हातात ड्रॉइंगची गुंडाळी, असे तुला पाहून मला फार अभिमान वाटला. फोनवर ते बोलता आले नाही, म्हणून आधी तेच लिहितो. पण तुझ्या टाचेपासून हातभर अंतरावर, डक्टच्या, म्हणजे पाइप आणि वायरी वरखाली नेणाऱ्या उभ्या पोकळीच्या, तोंडावर प्लायवूडचा एक तुकडा नुसताच टाकलेला दिसला आणि त्यानंतर मला त्या फोटोत दुसरे काही दिसेनासे झाले.

दत्तूकाकांचे तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो. ओळंबा सोडून पाइप सरळ उतरतो आहे का हे पाहताना ते एक पाऊल मागे सरले, आणि ज्या फळीवर पाय पडला ती खिळ्यांनी ठोकलेली नव्हती. दोन मजले खाली गेले. वाचले, पण पुन्हा शिडी चढले नाहीत. ती फळी मी सकाळीच पाहिली होती आणि जेवणानंतर ठोकून घेऊ असे म्हणालो होतो, हे मात्र मी तुला कधी सांगितले नव्हते.

आता हा विषय पुरे. स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडची चांगली नोकरी सोडून तू बिल्डिंग सर्व्हिसेस शिकायला निघालीस तेव्हा, पाइप आणि वायरी शिकायला एम.टेक. कशाला लागते, असे मी म्हणालो. ते बोलणे चुकले. त्याच रात्री तू वही काढून आपल्याच छताचा हिशेब मांडलास: घरांच्या ऊर्जाबचतीची जी 2018 ची इको-निवास संहिता, तिच्याप्रमाणे नव्या घराच्या छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती आत येते त्याचे माप, 1.2 च्या आत असावा, आणि आपला उघडा पाच इंची स्लॅब त्याच्या जवळजवळ तिप्पट भरतो. मी रागाने उठून गेलो, कारण हिशेब बरोबर होता. फूटभर पांढऱ्या मातीचे आजोबांचे धाबे उतरवून 1998 साली मीच हा स्लॅब घातला होता, आणि गावात आपला पहिला पक्का स्लॅब म्हणून पेढे वाटले होते. पहिल्याच मे महिन्यात दिवसभर तापलेला तो स्लॅब मध्यरात्रीनंतरही खाली उष्णता सोडत राहिला, आणि आजी ओले लुगडे अंगावर घेऊन अंगणात निजू लागल्या. त्यांनी शेवटपर्यंत तक्रार केली नाही. यंदा वर पांढरा चुना मारला आहे. दुपारी हात लावला तर फरक कळतो.

तुझ्या अभ्यासाचे महत्त्व मला त्या स्लॅबने शिकवले, म्हणून सांगतो: संगणकावरच्या मॉडेलवर विसंबू नकोस, साइटवर जात जा. एसीच्या थंड पाण्याच्या पाइपवरचे इन्सुलेशन क्लॅम्पखाली दाबले गेले, की पावसाळ्यात नेमका तिथेच पाइप घामेजतो, थेंब थेंब गळतो आणि फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटतो. मॉडेलमध्ये तो पाइप सलग आणि कोरडाच असतो; खरे काय ते शिडी चढून हात लावल्यावरच कळते. लाइनला दाब देऊन रात्रभर ठेवल्याशिवाय प्लास्टर होऊ देऊ नकोस, फिटरला त्याच्या नावाने हाक मार आणि त्याच्याकडून शीक. आणि शिडी डक्टच्या तोंडाशी लावलेली असेल तर तिच्यावर चढू नकोस, कोणी कितीही घाई केली तरी.

पुन्हा तिथेच आलो. साइटवर जा असेही मीच म्हणतो आणि जाऊ नकोस असेही मीच म्हणतो आहे, हे मला समजते. उपदेश फार झाला, त्याबद्दल राग मानू नकोस. एवढी वर्षे सुपरवायझरी केल्यावर मला दुसऱ्या रीतीने बोलता येत नाही. बीईईच्या, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, एनर्जी ऑडिटरच्या परीक्षेचे तू म्हणाली होतीस, ती अवश्य दे. फी मी भरीन, आत्याकडे मागू नकोस.

कुरिअरने शेंगाचटणीचा डबा आणि पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट पाठवले आहेत. फोटोत तुझ्या पायांत कापडी बूट होते. आईने माप 5 सांगितले, पण जाड मोज्यांवर 6 लागेल असे मला वाटते, म्हणून 6 घेतले. सैल होत असतील तर लगेच कळव, दुकानदार बदलून देणार आहे. सैल बूट घालून वर जाऊ नकोस. आणि उद्या गेलीस की त्या प्लायवूडला चारी बाजूंनी खिळे मारलेले आहेत का, ते लांबूनच पाहून मला सांग.

तुझा,
बाबा