साउंडवाले काका, माझ्या डग्ग्याबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. पार्ल्यातली दिवाळी पहाट, नाट्यपदांचा कार्यक्रम, तबल्यावर मी. पहाटे पावणेपाचला स्टेजवर सतरंजी मागत फिरणारे ते तुम्ही, आणि "सतरंजी कशाला आता?" असं जरा तुसडेपणानेच विचारणारी ती मी. रात्री मावशीकडे धड झोप झाली नव्हती, तेवढं समजून घ्या.

गेली अकरा वर्षं मी साथ करते. हॉल कुठलाही असो, साउंड चेकला एक वाक्य ठरलेलं: "ताई, डग्गा घुमतोय, हात हलका ठेवा." मी ठेवत गेले. 'घे' हा डग्ग्याचा घुमणारा बोल दिला की बोटं लगेच पुडीवर, म्हणजे चामड्यावर टेकवायची, मींड (सुराची ती घसरण) अर्ध्यात तोडायची. एकदा तर काठावर रुमाल टाकून अख्खी मैफल वाजवली. एवढं करूनही घुमलाच, तर बासचं बटण पार डावीकडे. मग डग्गा म्हणजे बिस्किटाचा रिकामा डबा. माझा डावा हातच जड आहे, असं मीही धरून चालले होते.

त्या पहाटेही पहिल्याच 'घे'नंतर हात उचलला तरी मॉनिटरमधून (आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) ऊंऽऽ चालूच. मी सवयीने म्हटलं, "हलका ठेवते." तुम्ही म्हणालात, "हात आहे तसाच राहू द्या. एकच 'घे' द्या, आणि मी सांगेपर्यंत पुढचा नको."

त्यानंतर पाच मिनिटं तुम्ही मिक्सरला हातच लावला नाहीत, हे मला फार आवडलं. डग्ग्याला जवळजवळ चिकटलेला माइक चार बोटं मागे घेतलात. असा एकाच दिशेचा माइक वाद्याच्या जितका जवळ, तितका तो खालचे सूर फुगवतो, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. स्टँडखाली ती सतरंजी गेली, कारण लाकडी स्टेज स्वतःच थरथरत होतं. आणि मग खरी चोरी पकडलीत. माझा माइक बंद केलात तरी डग्गा स्पीकरमधून येतच होता! बुवांच्या आणि पेटीच्या माइकमधून शिरत होता तो. त्या दोन्हींना खालून कात्री लावलीत, पण बुवांची फक्त ८० हर्ट्झपर्यंत. बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणजे त्यांचा सा १३८ च्या जरा वर आणि मंद्र पंचम १०४ च्या आसपास. "तिथे कापलं तर बुवा माझं डोकं फोडतील," असं तुम्ही हळूच म्हणालात. साउंडवाल्याच्या तोंडी मंद्र पंचम मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग तुम्ही टॅब्लेट माझ्यासमोर धरलात. त्यावर इक्वलायझर, म्हणजे आवाजातले निवडक सूर कमी-जास्त करायची सोय: आडवी रेघ, तिच्यावर एक ठिपका. तीनच गोष्टी आहेत म्हणालात: कुठे, किती आणि केवढ्या रुंदीत. ही रुंदी म्हणजे तो क्यू, आकडा मोठा तितका पट्टा अरुंद. मॉनिटर आधी खाली घेतलात (हे विसरलं तर कानाचे पडदे गेलेच), ठिपका वर उचलून टोकदार केलात आणि रेघेवरून सावकाश सरकवत नेलात. मी 'घे' देत होते. ९०, काही नाही. १०५, काही नाही. ११८ ला सगळा हॉल एकदम भुंग्यासारखा गुणगुणायला लागला. तुम्ही हसलात आणि तोच ठिपका रेघेच्या खाली ओढलात. ६ डेसिबल, क्यू ८. म्हणजे जेमतेम १५ हर्ट्झची फट.

"ग्राफिक इक्वलायझरवर हे का नाही जमत?" मी विचारलं. त्याच्या पट्ट्या ठरलेल्या, १०० ला एक, पुढची थेट १२५ ला. ११८ मधेच अडकलेला. दोन्ही खाली ओढायच्या म्हणजे साधारण ९० पासून १४० पर्यंतचं सगळं गेलं, आणि डग्ग्याचा घुमारा तर तिथेच राहतो. मला लगेच तो बिस्किटाचा डबा आठवला.

घरी येऊन शोधलं तर ही युक्ती माझ्यापेक्षा वयाने मोठी निघाली. जॉर्ज मॅसेनबर्ग या अमेरिकन इंजिनिअरने १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे 'पॅरामेट्रिक' नावानेच तिच्यावर निबंध वाचला होता. आणि मी अकरा वर्षं रुमाल टाकत बसले होते.

कार्यक्रमाचं काय सांगू. दुसऱ्या पदात बुवांनी जागा घेतली, मी मींड पूर्ण ओढली आणि ती जिथे संपायला हवी तिथेच संपली. बुवांनी मान वळवून पाहिलं. बुवा सहसा पाहत नाहीत.

एक कबुली द्यायची आहे. निघताना तुम्ही बजावलं होतंत, "११८ घरी नेऊ नका, ताई. तो या हॉलचा आकडा आहे." मी नेलाच. महिन्याभराने डोंबिवलीतल्या एका कार्यक्रमात साउंडच्या मुलाला मोठ्या ऐटीत "११८ काप" म्हणून सांगितलं. काही फरक पडला नाही. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग दोघांनी मिळून ठिपका सरकवत शोधलं, तिथे गडबड १६० च्या पुढे होती. आमच्या क्लासमधल्या छोट्या मिक्सरवर मिडचं, म्हणजे मधल्या सुरांचं ठिकाण बटणाने सरकवता येतं, पण रुंदीचा क्यू नाही, त्यामुळे तिथे अजून माइक हलवूनच भागवते. निम्मं काम त्यातच होतं, हे तुम्ही म्हणाला होतात ते खरं आहे.

तर काका, मनापासून आभार. या दिवाळीला तुम्हीच असाल तर सतरंजी मी घरून आणते. आणि चकल्यांचा तो स्टीलचा डबा तुमच्या वायरींच्या पेटीत राहिलाय. घाई नाही, पण तो आईचा आहे आणि ती दर आठवड्याला विचारते.

तुमची,
तबलेवाली ताई